दार तं हाय, पन घर कुठी हाय?

रविवारी संध्याकाळी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. पोरगा लंडनला शिकायला आहे, रविवारी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका दुकानात पार्टटाइम काम करतो, त्याची जेवणाची सुट्टी म्हणजे आमच्याकडं दिवेलागणीची वेळ. आमच्या इथं लाइट गेलेली, माय ओसरीत तुरी पाखडत बसलेली, मी फोन तिच्यापुढं धरला. भाच्यानं कॅमेरा फिरवला अन् म्हणाला, आजी हे पाय, याले मार्बल आर्च म्हनते. रस्त्याच्या मधोमध, चारी बाजूंनी लाल बसा धावून राहिल्या अन् मधात एक पांढरी, खरं म्हणजे जुन्या धोतरासारखी पिवळट पांढरी, तीन दारांची कमान उभी. मायनं सूप खाली ठेवलं, चष्मा पदरानं पुसला, नीट पाहिलं.

"दार तं लय मोठं हाय बाप्पा. पन घर कुठी हाय याचं?"

आम्ही दोघंही हसलो. भाचा म्हणाला, "घर तिकडं दोनेक किलोमीटरवर हाय आजी. दार काढून अठी आनून ठेवलं."

"घर तठी अन् दार अठी? असं कुठी असते का?" असं म्हणून मायनं सूप परत उचललं. तिच्या लेखी विषय संपला होता. माझ्या लेखी तिथंच सुरू झाला कारण आमच्या गावात सध्या याच्यावरूनच लोकांची तोंडं फुगलेली आहेत.

गावाचं नाव सांगत नाही, दोन्ही पार्टीत माझे नातेवाईक आहेत. वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्यापासून फार लांब नाही एवढं पुरे. फाट्यावरून गावात येणारा रस्ता सिमेंटचा होणार, रुंद होणार, अन् त्याच्या तोंडाशी आमची स्वागत कमान आहे ती मधात येते. एक पार्टी म्हणते पाडा, दुसरी म्हणते मागं सरकवून पुन्हा बांधा, आणि ज्यांच्या आजोबांच्या नावाची कमान आहे ते म्हणतात हात लावून दाखवा. कमान म्हणाल तर काही ताजमहाल नाही. विटा, सिमेंट, वरून पांढऱ्या टाइल्स, त्यातल्या निम्म्या पडल्या, नावातली दोन अक्षरं पडली, वर कळस बसवायचा होता तो पैसे संपले म्हणून राहिला, त्याच्या सळया तशाच वर आलेल्या. त्यावर बगळे बसतात आणि खालून जाणाऱ्याच्या टोपीवर प्रसाद पडतो. पण गावातल्या निम्म्या लग्नांचे फोटो त्याच कमानीखाली निघालेत, माझ्याही.

तर कॉल संपल्यावर मी रात्री दोन वाजेपर्यंत त्या लंडनच्या कमानीचं वाचत बसलो. दुसऱ्या दिवशी दुकानात (माझं कृषी केंद्र आहे फाट्यावर) बिलावर तारीख १८२७ टाकता टाकता वाचलो.

१८२७ लाच ते काम सुरू झालं. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज, याला खर्चाची भारी हौस. बापाचं बकिंगहॅम हाउस नावाचं मोठं घर होतं त्याचा त्यानं राजवाडा करायला घेतला आणि काम दिलं जॉन नॅश नावाच्या आर्किटेक्टला. आता हा वाडा कसा होता ते समजून घ्या, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. आपल्याकडं चौसोपी वाडा असतो ना, मधात चौक अन् चारी बाजूंनी सोपे, त्याचा पुढचा सोपा काढून टाका. तीन बाजूंनी इमारत, चौथी बाजू मोकळी. त्या मोकळ्या बाजूच्या तोंडाशी नॅशनं ही कमान उभी केली. म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजाच, फक्त दिंडी नाही आणि दरवाजा मात्र साडेतेरा-चौदा मीटर उंच.

दगड इटलीतून आणला, करारा गावच्या खाणीचा संगमरवर. नमुना घेतला रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशहाच्या कमानीचा. आणि दुसरा नमुना डोळ्यापुढं होता तो पॅरिसचा, नेपोलियननं स्वतःच्या राजवाड्यापुढं बांधलेली कारुझेलची कमान. आता लंडनची कमान कशाच्या विजयासाठी तर १८०५ ची ट्रफाल्गरची समुद्रातली लढाई आणि १८१५ ची वॉटर्लू, दोन्ही लढाया नेपोलियनच्या विरुद्ध. ज्याला पाडलं त्याच्याच दारासारखं दार आपल्याला पाहिजे! आमच्याकडं भावकीत असंच असते, वाटणीत चुलत्याशी बोलणं बंद, पण घर बांधताना गॅलरी मात्र चुलत्यासारखीच काढायची.

रोमची ती मूळ कमान तरी कुठं पुरी स्वतःची आहे. ती ३१५ सालची, पण तिच्यावरची बरीच शिल्पं आधीच्या बादशहांच्या बांधकामावरची काढून आणलेली आहेत, ट्रेजनची, हेड्रियनची, मार्कस ऑरेलियसची. काही ठिकाणी तर जुन्या बादशहाचं तोंड तासून त्याचं कॉन्स्टंटाइन करून टाकलं. हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडचे फ्लेक्स आठवले. निवडणूक झाली की जुन्याच फ्लेक्सवर नवीन फोटो चिकटवतात अन् खालच्या हात जोडलेल्या कार्यकर्त्यांची ओळ तीच राहते.

परत लंडनला. नॅशचं इस्टिमेट अन् खर्च यांचा काही मेळ बसला नाही. १८२९ पर्यंत राजवाड्याचा खर्च पाच लाख पौंडाच्या जवळ गेला, तेव्हाचे पाच लाख. पार्लमेंट बोंबलून राहिलं होतं. आणि १८३० मध्ये राजाच वारला. ज्याच्या हौसेसाठी हे सगळं चाललं तो त्या वाड्यात राहायलाही गेला नाही. राजा गेल्यावर नॅशला कोण विचारतो, त्याला काढलं, एडवर्ड ब्लोअर नावाचा हिशोबी आर्किटेक्ट आणला आणि सांगितलं आता उरकव. त्यानं १८३३ मध्ये उरकवलं. नॅशनं वर लावायला जी शिल्पं ठरवली होती ती बरीच लावलीच नाहीत, बनून पडलेली होती ती काही राजवाड्याच्या भिंतीत बसवली, काही नॅशनल गॅलरीच्या इमारतीवर गेली. कमानीच्या डोक्यावर चौथ्या जॉर्जचा घोड्यावरचा ब्राँझचा पुतळा बसणार होता. फ्रान्सिस चँट्री या शिल्पकारानं तो केला, घोड्याला खोगीर नाही, राजाच्या पायात रिकीब नाही, तसाच बसलेला. तो पुतळा कमानीवर कधी चढलाच नाही. १८४३ मध्ये ट्रफाल्गर स्क्वेअरच्या एका चौथऱ्यावर "तात्पुरता" ठेवला.

अजून तिथंच आहे.

हे मी भाच्याला मेसेज करून कळवलं तर त्यानं दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन फोटो पाठवला, खाली लिहिलं, मामा हा पाहा तुमचा तात्पुरता. त्याच चौकात दुसऱ्या कोपऱ्यावर तसाच चौथरा चौथ्या जॉर्जच्या भावासाठी, चौथ्या विल्यमसाठी बांधला होता, त्याच्या पुतळ्याला पैसेच जमले नाहीत आणि तो चौथरा दीडशे वर्षं रिकामा पडून होता, १९९९ पासून त्यावर आलटून पालटून नवीन कलाकारांच्या वस्तू ठेवतात. म्हणजे सळया आमच्याच कमानीला आहेत असं नाही. माझा जीव थोडा शांत झाला.

मग आली व्हिक्टोरिया. १८३७ मध्ये गादीवर, आणि बकिंगहॅम पॅलेसमध्ये राहायला येणारी ती पहिलीच. तिची अडचण एकदम आपल्यासारखी, घर मोठं पण खोल्या पुरत नाहीत. लेकरं होत गेली, एकूण नऊ झाली. १८४५ पर्यंत चार झाली होती तेव्हाच तिनं पंतप्रधान रॉबर्ट पीलला पत्र लिहिलं की आमच्या वाढत्या कुटुंबाला इथं जागाच नाही. पंतप्रधानाला घराची अडचण सांगता येते हे एक बरं, आम्ही घरकुलाच्या यादीत नाव आहे का ते पाहायलाच किती चकरा मारतो. असो. तर १८४७ मध्ये ठरलं की वाड्याचा तो मोकळा चौथा सोपा बांधून काढायचा. पैशासाठी ब्रायटनचा राजवाडा, चौथ्या जॉर्जचीच दुसरी हौस, ५३,००० पौंडाला त्या गावालाच विकून टाकला. काम त्याच ब्लोअरकडं. आणि चौथा सोपा बांधायचा म्हटलं की त्याच्या तोंडाशी असलेल्या दाराला जागा कुठं उरते?

पाडली असती. पण संगमरवर, अन् एवढा खर्च झालेला. थॉमस क्यूबिट या बिल्डरनं कमान उतरवली आणि हाइड पार्कच्या कोपऱ्यावर कंबरलँड गेटपाशी पुन्हा जोडून उभी केली, मार्च १८५१ मध्ये काम पूर्ण. घाई होती कारण १ मे १८५१ ला त्याच हाइड पार्कात ते मोठं जागतिक प्रदर्शन उघडायचं होतं, काचेच्या महालात, ज्याला पुढं साठ लाख लोक येऊन गेले आणि ज्यात आपल्याकडून नेलेला कोहिनूर मांडला होता. त्या प्रदर्शनाच्या दिवशी व्हिक्टोरिया नव्या चौथ्या सोप्याच्या बाल्कनीत येऊन लोकांना हात दाखवून गेली, ती राजघराण्याची बाल्कनीतली पहिली नोंद. आज टीव्हीवर जी बाल्कनी दिसते, लग्नं, वाढदिवस, विमानांची सलामी, ती या कमानीला हलवून केलेल्या जागेवरच्या बांधकामातली आहे. दार गेलं अन् गॅलरी फेमस झाली.

१८५१ ला आपल्याकडं काय होतं ते मी उगाच पाहिलं. वऱ्हाड अजून निजामाचा होता. दोनच वर्षांनी, १८५३ मध्ये, निजामाच्या डोक्यावर फौजेच्या खर्चाचं कर्ज चढलं म्हणून वऱ्हाड इंग्रजांनी कारभाराला घेतला, त्याच वर्षी नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले आणि वारस नाही म्हणून १८५४ मध्ये नागपूरही गिळलं. घरात कर्ज झालं की वावर जाते, हे इथं नवीन नाही.

आता ती गोष्ट जी मला सगळ्यात आवडली. लंडनमध्ये कोणालाही विचारा कमान का हलवली, तर म्हणे राणीची सोन्याची बग्गी त्यातून जात नव्हती म्हणून. भाच्यालाही दुकानातल्या एका जुन्या कामगारानं हेच सांगितलं होतं. साफ खोटं. तीच सोन्याची बग्गी, १७६२ मधली, चार टन वजनाची, आठ घोडे लागतात ओढायला, ती १९५३ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत याच कमानीच्या मधल्या दारातून आरामात गेली. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, कॅमेऱ्यात आहे. तरी गोष्ट चालूच आहे. कारण "लेकरांना खोल्या पुरत नव्हत्या" यात मजा नाही, "एवढा खर्च केला अन् गाडीच जाईना" यात मजा आहे, ऐकणाऱ्याला आर्किटेक्टला हसता येते.

आणि आमच्या गावात काय सांगतात? की कमान बांधली म्हणून एसटी गावात येणं बंद झालं, बस बसत नव्हती त्यातून. मी स्वतः आठवी ते दहावी त्या बसमध्ये बसून त्या कमानीतून गेलोय! खिडकीतून हात काढून टाइल्सला लावायची आमची शर्यत लागायची, एकाचं घड्याळ फुटलं त्यात. गाडी बंद झाली ती घरोघरी टू-व्हीलर आल्या अन् बसमध्ये ड्रायव्हर-कंडक्टरशिवाय चार म्हाताऱ्या उरल्या म्हणून. पण परवाच्या ग्रामसभेत एक पंचविशीतला पोरगा ठासून सांगून राहिला होता की बस अडकली होती अन् दोन दिवस निघाली नव्हती. "तू पाह्यलं का बे?" तर म्हणतो, "सगळ्या गावाले मालूम हाय."

म्हणून मी ठरवलं की मोजायची. त्याचं पुढं सांगतो.

ती कमान जिथं नेऊन ठेवली ती जागाही साधी नाही. त्या कोपऱ्याचं जुनं नाव टायबर्न. लंडनचं फाशी द्यायचं ठिकाण, कित्येक शतकं. १५७१ मध्ये तिथं तीन खांबांची तिकोनी फाशी उभारली, एका वेळी पुष्कळ जणांना लटकवता यावं म्हणून, आणि लोक ते पाहायला जत्रेसारखे यायचे, बसायला मचाण, मचाणावर बसायचे पैसे. राजाचं डोकं उडवणारा ऑलिव्हर क्रॉमवेल, तो मेल्यावर त्याचं प्रेत उकरून काढून १६६१ मध्ये तिथं टांगलं होतं. शेवटची फाशी १७८३ ची. आणि पाऊणशे वर्षांच्या आत त्याच ठिकाणाजवळ राजवाड्याचं विजयाचं दार आणून ठेवलं.

हे वाचून मला आमची जुनी वेस आठवली. आठवली म्हणजे मी पाहिलेली नाही, माझ्या जन्माच्या आधीच ती पडली होती, पण माय सांगते. दगडी वेस, बाजूला मारुती, आतल्या अंगाला गाव अन् बाहेरच्या अंगाला नाल्यापलीकडं मसण. नवरदेव यायचा तो आधी तिथल्या मारुतीच्या पाया पडून, आणि मढं जायचं त्याला विसावा द्यायचा तोही तिथंच. लग्न अन् मरण एकाच उंबऱ्यातून. वेस पडल्यावर दगड कोणी सोडले नाहीत, मारुतीच्या पाराला लागले, दोन-चार आमच्या गोठ्याच्या पायात आहेत, एकावर अर्धं फूल कोरलेलं आहे ते आम्ही म्हशीच्या दावणीकडं केलंय. (वडील म्हणायचे फूल आतून पाहिजे, मला त्याचा अर्थ अजून कळलेला नाही.) आता तिथं वेस म्हणून काहीच नाही, एक हातपंप अन् पानठेला आहे, तरी गावातलं लहान पोरगंसुद्धा म्हणते "वेशीवर जाऊन येतो". लंडनमध्ये दार राहिलं, घर सुटलं. आमच्याकडं दार गेलं, त्याचं नाव राहिलं. शकुंतला रेल्वेचंही तेच, गाडी बंद, पण "टेसनाकडं" म्हटलं की माणूस बरोब्बर तिकडंच जातो.

पोळ्याला मात्र वेस परत उभी राहते. आंब्याच्या पानांचं तोरण त्याच जागेवर बांधतात, खाली गावातले सगळे बैल गोळा, झडत्या सुरू, कोणाचा आवाज मोठा त्याची शर्यत, मग तोरण तुटलं की बैल सुटतात. आणि पहिला बैल कोणाचा? मानकऱ्याचा. त्याच्यावरून आमच्याकडं डोकी फुटली आहेत. मार्बल आर्चचाही असाच रिवाज आहे की मधल्या दारातून समारंभानं जायचा मान फक्त राजघराण्याचा आणि राजाच्या घोड्यांच्या तोफखान्याचा. भाच्याला हे सांगितलं तर म्हणतो, म्हणजे मामा इकडंही पाटलाचीच जोडी आधी.

कमानीच्या आत, जाड भिंतींमध्ये, तीन छोट्या खोल्या आहेत हे बाहेरून कळत नाही. १८५१ पासून त्यात पोलीस चौकी होती, आधी पार्कचे शिपाई, मग लंडनचे पोलीस, निदान १९६८ पर्यंत. १८६० च्या सुरुवातीला तिथं सॅम्युअल पार्क्स नावाचा एक माणूस नोकरीला होता. हा १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात लाइट ब्रिगेडच्या त्या प्रसिद्ध घोडदळाच्या हल्ल्यात होता, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला, म्हणजे त्यांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. लढाई मारलेला माणूस विजयाच्या कमानीच्या पोटात बसून बागेतल्या गर्दीवर लक्ष ठेवतो. मला त्या अख्ख्या दगडातला हाच माणूस खरा वाटला. राजाचा पुतळा कमानीवर चढला नाही, हा आत जाऊन बसला.

गर्दीवर लक्ष ठेवावंच लागायचं. १८६६ मध्ये मतदानाचा हक्क मागणाऱ्यांचा मोर्चा त्या कोपऱ्यावर आला, पार्कचे दरवाजे सरकारनं बंद केले, तर लोकांनी रेलिंगच उपटली. १८७२ मध्ये कायद्यानं पार्कात सभेला जागा ठरवून द्यायची सोय झाली आणि तोच पुढं स्पीकर्स कॉर्नर झाला, कोणीही यावं, पेटीवर उभं राहावं, बोलावं. आमच्याकडं ते काम पारावर होते, पेटीची गरज पडत नाही.

मग रस्ते. कमान आधी पार्कचं फाटक तरी होती. १९०८ मध्ये नवा रस्ता काढला तो कमान अन् पार्क यांच्या मधून, कमान पार्कापासून तुटली. १९६० च्या दशकात ते रस्ते आणखी रुंद झाले आणि कमान पार एकटी पडली, ट्रॅफिकच्या मधात एक बेट अन् त्यावर ती. पहिल्यांदा राजवाड्यापासून तुटली, मग बागेपासून. आता ती कशाचंच दार नाही. पण त्याच्या आधीच, १९०० मध्ये, तिथं जमिनीखालचं स्टेशन उघडलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं मार्बल आर्च, बस थांब्यांचंही तेच, म्हणून अख्ख्या लंडनला पत्ता पाठ. भाचा म्हणतो त्याच्यासोबत काम करणाऱ्या निम्म्या लोकांनी कमान कधी मान वर करून पाहिली नाही, पण दिवसातून दोनदा तिचं नाव घेतात.

तिथल्या लोकांना कमानी हलवायची खोडच आहे म्हणा. वेलिंग्टन आर्च नावाची दुसरी आहे ती पण १८८० च्या दशकात ट्रॅफिकपायी थोडी बाजूला सरकवली. टेंपल बार नावाची जुनी वेस होती ती १८७८ मध्ये उतरवली, कोणाच्या तरी जहागिरीत जाऊन बसली, अन् २००४ मध्ये परत शहरात आणून लावली.

आणि ही करामत ऐका, ही अलीकडची. २०२१ मध्ये कोरोनानंतर ऑक्सफर्ड स्ट्रीटवर गिऱ्हाईक परत यावं म्हणून तिथल्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलनं मार्बल आर्चच्या शेजारी एक टेकडी उभी केली. खोटी टेकडी! मचाणाच्या सांगाड्यावर माती, गवत, झाडं, २५ मीटर उंच, वर चढायला तिकीट. चित्रात हिरवीगार दिसत होती, उघडली तेव्हा झाडं सुकलेली, गवत उपटलेलं, वरून पाहायला काही खास नाही. लोकांनी पैसे परत मागितले, तिकीट काढून टाकावं लागलं, खर्च फुगून सहा दशलक्ष पौंडावर गेला, कौन्सिलच्या उपनेत्यानं राजीनामा दिला आणि २०२२ च्या सुरुवातीला टेकडी बंद करून उचलून नेली. हे मी पारावर वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आमच्या माजी सरपंचांना झाला. "पाहा," म्हणाले, "अन् तुमी मले वृक्षारोपनावरून बोलता."

आपल्याकडच्या खऱ्या वेशींचं काय चाललंय तेही या निमित्तानं डोक्यात आलं. कारंज्यात दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस, चार दिशेला चार, गावं जिकडं त्या नावाची वेस. लहानपणी मला वाटायचं दिल्ली वेशीतून सरळ गेलं की दिल्ली येते. अमरावतीत जवाहर गेट, अंबागेट, खोलापुरी गेट, अर्ध्या लोकांना ते मोहल्ल्यांची नावं वाटतात. चंद्रपूरला गोंड राजांचा परकोट अन् त्याचा जटपुरा गेट, त्यात अख्खं शहर रोज अडकते, पोटात शिव्या देत लोक एकेका गाडीनं निघतात, पण गेट पाडा म्हणणारा मला अजून भेटला नाही. त्यावर हत्तीला दाबून उभा असलेला गोंडांचा सिंह आहे. माझ्या मते लंडनच्या करारा संगमरवरापेक्षा तो दगड भारी दिसतो, पण हे कोणाला पटवायला जात नाही. संगमरवर तसाही त्यांच्या धुरात लवकर मळला.

तर मोजणी. बुधवारी सकाळी मी, ज्यांच्या आजोबांची कमान त्यांचा नातू, आणि तो बस अडकली म्हणणारा पोरगा असे तिघं टेप घेऊन गेलो. रुंदी साडेबारा फूट भरली. उंची तेरा फूट अन् वर चार बोटं. बस जाते, ट्रॅक्टर-ट्रॉली जाते, कापसाचा ट्रक पट्ट्या बांधून वर फुगवलेला असला तर नाही जात, त्याला जिनिंगकडं मागच्या पांदणीनं जावं लागते अन् पांदण पावसाळ्यात तुम्हाला माहीतच आहे. पोरगं गप्प झालं. थोड्या वेळानं म्हणालं, "मंग बस वेगळी असन."

नातू मात्र वर पाहत होता. म्हणाला, "आजोबाच्या नावातले दोन अक्षर पडले ते मी घरी ठेवले हायेत. कमान सरकवली तं लावून देशीन का?" मी म्हणालो, लावू. मग त्यानं विचारलं लंडनवाल्यांनी हलवताना दगडांवर नंबर टाकले होते का. मला माहीत नव्हतं. आमची विटांची आहे, नंबर कशावर टाकणार, पण ते त्याला तिथं बोलावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी मायला सांगितलं की बहुतेक कमान पन्नास फूट मागं नव्यानं बांधतील, पानठेल्याच्या पलीकडं. ती म्हणाली, "म्हनजे जुन्या वेशीवरच." मी हिशोब केला तर खरंच, जवळपास तिथंच येते. इंजिनिअर साहेब शनिवारी पुन्हा मोजायला येणार आहेत म्हणे. टेप माझ्याचकडं राहिलाय.